पहिल्या हाकेला ओ

आमच्या ह्यांना रविवारी घरात बसवत नाही. बाकीच्या बायकांचे नवरे दुपारी तट्ट जेवून घोरत पडतात, आणि आमचे हे पहाटेच काठी शोधायला लागतात. लग्नानंतर काही वर्षं मी कौतुकानं डबा करून दिला. पुढं एकटीनं घरात बसून तरी काय करायचं, म्हणून बरोबर जायला लागले आणि जाताना कुरकुर करायला लागले. हे शेतकीच्या कॉलेजात शिकवायचे. जन्मभर झाडांच्या संगतीत राहिलेला माणूस, त्याला कुरकुर ऐकू येत नसावी.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात ह्यांना कुणीतरी सांगितलं, की मुळशीच्या तलावापलीकडे, ताम्हिणीच्या अंगाला, एका बाईनं कॉफी लावलीय. झालं! "मुळशीत कॉफी? तिथं भात आणि जळवा सोडून काही होत नाही," मी म्हटलं. पण स्नेह्याची जीप आधीच ठरली होती, धबधबा बघायचंही ठरलं होतं, आणि माझ्या चपला दाराशी काढून ठेवलेल्या होत्या. गेले.

पौड मागं पडलं आणि तलाव दिसायला लागला. पावसाळा कधीच सरला होता, पण दिवाळीनंतर अवकाळी असा काही कोसळला होता की डोंगरांवरून पुन्हा पांढऱ्या धारा सुटल्या होत्या. पाणी काठोकाठ, आणि त्यावर धुकं. धरण झालं तेव्हा या पाण्याखाली गावंच्या गावं गेली, हे मला ठाऊक होतं. पण त्यातल्या एका गावात जन्मलेलं माणूस मला त्याच दिवशी भेटणार आहे, हे ठाऊक नव्हतं.

गावात पोचलो तर खळ्यावर भाताची झोडणी चाललेली. बायका पेंढ्या आपटत होत्या आणि आम्हाला बघून थांबल्या. शहरातली बाई म्हणजे फुकटचा तमाशा! त्यांत भागूबाई म्हणून एक ठसकेबाज बाई होती. तिनं मला पाटावर बसवलं, हातात गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "नाव घ्या बाई!"

"मी लीला," मी म्हटलं.

सगळ्या खो खो हसल्या. "आवं, तुमचं न्हाई, मालकाचं!"

मी पण काही कमी नाही. पाटावरून उठले आणि म्हटलं, "भाताच्या लोंबीला दाण्यांचा भार, हैबतरावांच्या पायी डोंगर चढते दर रविवार." खळं दणाणलं. हे लांब उभे राहून भाताची जात बघण्याचं सोंग करत होते, त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. ते नाव मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा, असं यमकात गुंडाळून घ्यायची. एरवी सगळा संसार 'अहो' वर.

मग एकेकीनं नाव घेतलं. फक्त कडेला उभ्या असलेल्या एका बाईला कुणी सांगितलं नाही. पन्नाशीला टेकलेली, उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं. विधवेला नाव घ्यायला कोण सांगणार? ती नुसती उभी होती, आणि आमच्याकडं नाही, डोंगराकडं बघत होती. तेवढ्यात रानात भारद्वाज घुमला. त्या बाईनं चटकन मान वळवली आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली, "ओ!"

कुणी हसलं नाही. भागूबाई माझ्या कानाशी लागली. "ही आमची थोरली जाऊ, सगुणा. तिचाच त्यो कापीचा मळा. तिला झपाटलंय बाई. पाखरू वरडलं, दार वाजलं, तरी ओ देती. तुमी मनाला लावून घेऊ नका."

मनाला कसं लावून घेऊ नको? त्याच बाईच्या मागून आम्हाला डोंगर चढायचा होता! मी ह्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. हे म्हणाले, "चला, ऊन व्हायच्या आत."

चढताना सगुणाबाई एकदाही दमली नाही आणि फारशी बोललीही नाही. वाटेत दोनदा ओ मात्र दिली. एकदा कुठं तरी दगड गडगडला म्हणून आणि एकदा कशाला ते मला कळलंच नाही, कारण मला काही ऐकू आलं नव्हतं. मी घाबरले की मला राग येतो, म्हणून मी चपलेवरून ह्यांना चार शब्द सुनावले.

मळा कसला, डोंगराच्या कुशीतला एक सपाट तुकडा. वर फणस आणि उंबर, त्यांच्या सावलीत पुरुषभर उंचीची गर्द झाडं, आणि फांदीफांदीला बोरांसारखी लाल फळं चिकटलेली. हे तर लहान मुलासारखे झाडाझाडाला हात लावत सुटले. सगुणाबाईनं तीन दगडांवर पातेलं ठेवलं, घरी भाजून जात्यावर दळलेली कॉफी त्यात टाकली, वर गुळाचा खडा. पितळीत ओतून दिली. इतकी कडू आणि इतकी चांगली कॉफी मी पुण्यात प्यायले नव्हते, आणि मी तसं तिला सांगितलं. तेव्हा कुठं ती जराशी बोलती झाली.

तिचं माहेर तलावाखाली गेलेलं. "उनाळ्यात पानी लई उतारलं का देवळाचा दगुड दिसतो," ती म्हणाली. सासरची जमीनही निम्मी पाण्यात गेली, तेव्हा नवरा-बायको पोटासाठी पार कुर्गात जाऊन पोचली, कॉफीच्या मळ्यात मजुरीला. तिथं कितीतरी वर्षं काढली. मूलबाळ झालं नाही. परत आली तेव्हा नवऱ्यानं धोतराच्या सोग्यात बियाणं बांधून आणलं होतं. गावानं थट्टा केली. भाताच्या मुलखात कापी! गुरं तोंड लावीत नाहीत अशा झाडाला रोज पाणी घालणारा वेडा! त्यानं कुणाचं ऐकलं नाही. झाडं फळाला आली, आणि पौडच्या बाजारात त्या दाण्यांना कुणी हुंगलंसुद्धा नाही तेव्हा पुण्याचा एक मद्रासी हॉटेलवाला दर साली सगळा माल उचलायला लागला.

"त्यांचं नाव काय होतं?" ह्यांनी विचारलं. बायकांना असं विचारू नये हे ह्यांना कधी समजणार?

सगुणाबाई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मारुतीच्या देवळापुढं ज्यो धाकला दीपमाळंचा दगुड हाय ना, त्याच्यावं कोरलंय बगा. कुशा आन म्होरं बा." स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं असं तोडून, लांबून दाखवलं.

"साहेब," ती एकदम ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "तुमचा आवाज मोठा हाय. माझं एक काम करा. म्हनूनच मी तुमाला हितवर आनलं."

काम काय, ते सांगायला तिला वेळ लागला. मी तिला मध्ये तोडलं नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच अवकाळी पडून गेलेला, धबधब्याला असंच पाणी. मळ्याच्या पलीकडं डोंगराची एक सोंड उतरते आणि तिच्याआड धबधबा आहे. तो कोसळतो त्याच्या जरा वर सपाट कातळ आहे. कॉफीची फळं चेचून रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी त्या कातळावर वाहत्या पाण्यात बुळबुळीत साल धुऊन काढायची, ही कुर्गातली रीत. कुशाबा पाटी घेऊन धुवायला गेला. ही इथं मळ्यात फळं तोडत होती.

"आन मला हाक आली," ती म्हणाली. "येकच. सगुना."

"मग?"

"मग काय? मी ओ दिली न्हाई."

मला काही उमजेना. तिनं मला पोर समजून समजावल्यासारखं सांगितलं. पाण्यावर आसरा असतात, साती बहिणी. त्या ओळखीच्या माणसाचा आवाज काढून हाक मारतात, पण एकदाच. दुसरी हाक त्यांच्यात नसते. त्या एका हाकेला जो ओ देईल तो त्यांचा झाला, त्याला त्या पाण्यात ओढतात. माणूस मात्र तीनदा हाक मारतो. म्हणून या खोऱ्यात चालायला लागलेलं पोरही रानात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही.

"मी हुबी ऱ्हायले. म्हनलं, दुसरी येती का बगू. न्हाई आली. आन बाई, त्यांनी मला सगळ्या जल्मात कदी नावानं हाक मारली न्हवती. ऐकलं का, म्हनायचे. न्हाईतर अगं. माजं नाव त्यांच्या त्वांडून मी ऐकल्यालंच न्हवतं. मग ही हाक त्यांची कशी असंल? आसराच असनार. मी विंझाईदेवीचं नाव घेतलं आन पाठ करून फळं तोडीत ऱ्हायले."

भाकरीच्या वेळेला तो आला नाही. ती गेली तर कातळावर पाटी होती, दाणे होते. तो नव्हता. कातळाच्या कडेला एक करवंदीची जाळी आहे, ती मुळापासून उपटून लोंबत होती. म्हणजे पाय घसरल्यावर तो तिला धरून लोंबकळला असणार, किती वेळ ते कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो खालच्या डोहात सापडला.

"गावानं काय म्हनावं?" सगुणाबाई म्हणाली. "म्हनले, बरं झालं सगुने, ओ दिली न्हाईस, तुलाबी वढली असती. शानी हायेस म्हनले! सगळी म्हनले. आजून म्हनत्यात."

माझ्या हातातली पितळी गार झाली होती. गावानं तिला शहाणी म्हटलं होतं, आणि त्या दिवसापासून ती बाई पानांच्या सळसळीलाही पहिल्या हाकेतच ओ देत होती. मला तिची कीव आली, आणि सकाळी मी तिला मनातल्या मनात वेडी म्हटलं याची लाजही वाटली.

तिला एवढंच हवं होतं. ह्यांनी त्या कातळावर जाऊन एकदा तिच्या नावानं हाक मारायची. ती इथं, त्याच झाडाखाली उभी राहणार. माणसाचा आवाज सोंड ओलांडून, पाण्याच्या गदारोळातून इथवर येतो का, ते तिला बघायचं होतं. नाही आला तर ती हाक आसरांची होती, आणि तिच्या हातून काही चुकलं नाही. आला तर मात्र... पुढचं तिनं बोलून दाखवलं नाही. गावातला कुठलाही पुरुष त्या कातळावर तोंड उघडायला तयार नव्हता. शिवाय पाणीही तेवढंच पाहिजे. सहा वर्षांनी अवकाळी पडला होता.

"बाई-बिई लावू नका साहेब. नुसतं सगुना म्हना."

"जातो," हे म्हणाले.

"काही नको!" मी म्हणाले. "तिथं एक माणूस पडून मेलाय!" पण हे काठी घेऊन निघालेसुद्धा. धबधबा बघायचाच होता, म्हणाले. कडेला जाणार नाही, म्हणाले. सोंडेवर धुकं उतरत होतं, त्यात ह्यांची टोपी दिसेनाशी झाली.

आम्ही दोघी फणसाखाली उभ्या राहिलो. सगुणाबाईनं कानावरचा पदर मागं सारला. पलीकडं पाणी घुमत होतं, एकसारखं, जात्याची घरघर असावी तसं. ऐकून ऐकून मला त्यात आवाज यायला लागले. कुणी रडतंय, कुणी बोलतंय, माझी मेलेली आई दळण आटप म्हणतेय. मी सगुणाबाईचा दंड धरला.

आणि हाक आली.

"सगुणाऽ"

बारीक, लांबून, पण शब्द स्पष्ट. पुरुषाचा आवाज. तो ह्यांचा होता का? ह्यांचा आवाज मी झोपेतही ओळखते. पण तो ऐकून माझ्या मनात आलं ते 'हे' नव्हते. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

"ओ!" सगुणाबाई ओरडली. "ओ, ओ, आले!" आणि ती दोन पावलं धावली, मग थांबली आणि मटकन खाली बसली. "येती," ती म्हणाली. "येती बाई हाक हितवर. त्येच हुते."

तिच्या पाठीवर हात ठेवून मी दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आली नाही. धुकं मळ्यात शिरलं. समोरची झाडं पुसट झाली, आणि हे काही परत येईनात. चहाला आधण यावं इतका वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला.

"अहो!" मी ओरडले. "अहो! ऐकलं का? अहो!"

सगुणाबाई उठली. तिनं माझे दोन्ही खांदे धरले. चांगलेच धरले, दुखले मला. "अहो काय? अहो कुनीबी असतंय! नाव घ्या बाई. नाव घ्या!"

सकाळी खळ्यावर हेच शब्द होते. आता मला यमक सुचेना. मी सगळा जीव घशात आणून ओरडले, "हैबतराव! हैबतराऽव!" ते नाव असं उघडंवाघडं, डोंगराला ऐकवत, मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. आणि सोंडेवरून, अगदी जवळून, "ओ! आलो!" ह्यांचा खणखणीत आवाज. मी तिथंच रडायला लागले. हे धुक्यातून बाहेर आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि माझ्याकडं असे बघत होते की जणू मी त्यांना सगळ्यांच्यादेखत मिठी मारली.

"वाट चुकलो जरा," हे म्हणाले. "काय झालं? आला का आवाज?"

"आला," मी डोळे पुसत म्हटलं. "सगुणा, अशी हाक आली."

ह्यांचा चेहरा ओशाळला. "सगुणा? नाही गं. मी तसं म्हणालो नाही. म्हणणार होतो. पण परक्या बाईला असं एकेरी... जिभेवर येईना. 'अहो सगुणाबाई' म्हणूनच ओरडलो."

"आम्हाला 'सगुणा' एवढंच आलं. एकदा."

"एकदा?" हे म्हणाले. "ऐकू जावी म्हणून मी तीनदा मारली. मध्ये थांबून थांबून, पोटातनं. घसा बसला माझा."

मी सगुणाबाईकडं बघायला नको होतं, पण बघितलं. तिचे ओठ काहीतरी मोजल्यासारखे हलत होते.

"तीनदा," ती म्हणाली.

"तीनदा, बाई."

"मग दोन कुटं गेल्या?"

पलीकडं पाणी घुमत होतं.

"पान्यानं खाल्ल्या," तिनंच सांगितलं. "अहो खाल्लं, बाई खाल्लं, दोन हाका खाल्ल्या. नाव तेवढं माझ्याकडं टाकलं." ती सावकाश बोलत होती, आम्हाला नाही, स्वतःला. "त्येबी अगं म्हनले असतील. ऐकलं का म्हनले असतील. समदं म्हनून झालं असंल, मंग नाव घेतलं असंल. जाळी धरून हाकवं हाक मारीत हुते, आन मी हितं हुबी राहून दुसरी येती का बगत हुते."

मी म्हटलं, "सगुणाबाई, तुम्ही गेला असता तरी पोचला नसता." खरं होतं की खोटं, देव जाणे. तिनं ऐकलं नाही.

ती मळ्याच्या कडेला, सोंडेच्या तोंडाशी गेली. पदर खांद्यावरून पडला तो तिनं सावरला नाही. धबधब्याकडं तोंड करून तिनं हाक मारली.

"कुशाबा!"

थांबली. "कुशाबा!"

बराच वेळ थांबली. मग तिसरी. त्या तिसऱ्या हाकेला मी डोळे मिटून घेतले, कारण पलीकडून ओ येईल अशी मला खात्री वाटत होती, आणि ती यावी असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. पाणी वाहत राहिलं. दुसरं काही आलं नाही.

उतरताना ती पुढं होती, डोक्यावर लाल फळांची पाटी. गाव दिसायला लागलं, खळ्यावरच्या बायकांचं हसणं ऐकू आलं, आणि मागं रानात तोच सकाळचा भारद्वाज घुमला. मी वाट बघितली. ती चालत राहिली. तो पुन्हा घुमला, पुन्हा. तिनं मान वळवली नाही.

न राहवून मी विचारलं, "सगुणाबाई, ओ नाही दिलीत?"

"आता कुनाला देऊ?" ती म्हणाली. "ज्येंला द्यायाची हुती, त्ये तीनदा मागून गेले."